चालू डेटाबेसशी जोडलेला कोड एडिटर: लातूर-नांदेडच्या नोंदींच्या निमित्ताने

मराठवाड्यातील कोणतीही जुनी नोंद वाचायची, तर आधी तिचा काळ पाहावा लागतो. उदगीर तालुका 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि 1982 मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर लातुरात गेला. 1999 मध्ये लातूर जिल्ह्यात रेणापूर, देवणी, जळकोट आणि शिरूर अनंतपाळ हे नवे तालुके झाले आणि त्याच वर्षी परभणीतून हिंगोली जिल्हा निघाला. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी स्थापन झाल्यामुळे या भागातील एकाच महाविद्यालयाच्या दोन पिढ्यांच्या पदव्यांवर दोन वेगवेगळ्या विद्यापीठांची नावे आहेत, आणि 2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव व औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाल्यावर या सगळ्यावर आणखी एक थर चढला. गाव तेच, जमीन तीच, पण नोंदीतले जिल्ह्याचे नाव आणि त्याचा संकेतांक बदललेला, अशी ही स्थिती आहे. कचेरीत वर्षानुवर्षे काम केलेल्या लिपिकाला ती पाठ असते; संगणकाला ती कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कोड एडिटर एखाद्या मोठ्या संस्थेच्या चालू डेटाबेसशी जोडणे ही गोष्ट आता तांत्रिकदृष्ट्या काही मिनिटांची राहिली आहे, आणि म्हणूनच ही पाठ असलेली, पण कोठेही न लिहिलेली माहिती एकाएकी फार महत्त्वाची ठरली आहे.

डेटाबेस म्हणजे ठरावीक रचनेत ठेवलेला नोंदींचा साठा. आज सर्वाधिक वापरात असलेल्या ‘रिलेशनल’ प्रकारात नोंदी तक्त्यांमध्ये ठेवतात आणि एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील नोंदीशी समान क्रमांकाने बांधतात. या रचनेचा सैद्धांतिक पाया एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडला, आणि अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा त्याच दशकात आयबीएममध्ये घडली. कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते स्तंभ आहेत, कोणत्या स्तंभात आकडा बसतो आणि कोणत्यात तारीख, या आराखड्याला ‘स्कीमा’ म्हणतात. ‘चालू’ किंवा संगणक-व्यवसायात ज्याला ‘प्रॉडक्शन’ म्हणतात तो डेटाबेस म्हणजे ज्यावर या क्षणी खरे व्यवहार नोंदले जात आहेत तो. त्याची चाचणीसाठी काढलेली प्रत वेगळी. राज्यातील सातबारा आणि फेरफार यांच्या नोंदी, 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः नोंदवलेली पिके, विद्यापीठाचे परीक्षांचे गुण, बाजार समितीतील सौदे, हे सर्व चालू डेटाबेसच आहेत. गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्याही आता याच वाटेवर आहेत. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये देशातील सुमारे 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि तिच्यातून पीककर्जाचे जे हिशेब पूर्वी सोसायटीच्या गटसचिवाच्या कीर्दीत असत, ते एका सामाईक प्रणालीत जाऊ लागले.

कोड एडिटर हे प्रोग्रामरचे लिहिण्याचे साधन आहे. कर्सर, व्हीएस कोड यांसारख्या एडिटरांत आता भाषा-मॉडेल बसवलेले असते, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकवलेली अशी प्रणाली, जी साध्या भाषेतील सूचना वाचून प्रोग्राम लिहून देते. आरंभी ही मॉडेले फक्त एडिटरमध्ये उघडलेल्या फाइली पाहू शकत. डेटाबेसमध्ये काय आहे हे सांगायचे तर प्रोग्रामरला स्कीमा स्वतः उतरवून घेऊन मॉडेलपुढे ठेवावा लागे. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक प्रसिद्ध केले आणि ही अडचण बहुतांशी दूर झाली. या मानकाला व्यवहारात एमसीपी म्हणतात. त्यात एडिटर आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ‘सर्व्हर’ असे नाव आहे. तो एडिटरला आपण कोणकोणती कामे करू शकतो याची यादी देतो, उदाहरणार्थ तक्त्यांची नावे सांगणे, एखाद्या तक्त्याची रचना दाखवणे, एसक्यूएल चालवून निकाल परत करणे. आणि मॉडेल त्या यादीतून हवे ते काम मागते. मॉडेल स्वतः डेटाबेसला कधीच हात लावत नाही, ते फक्त मागणी लिहिते. ती मागणी पुरी करणारा हा मधला प्रोग्राम असतो. या रचनेमुळे दारावर पहारा कोठे बसवायचा याचे उत्तर स्पष्ट होते, हा तिचा मोठा गुण आहे. पण त्याच वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. डेटाबेसमधून परत आलेल्या ओळी मॉडेलला वाचाव्या लागतात, आणि मॉडेल बहुधा एडिटर बनवणाऱ्या किंवा मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या संगणकावर चालत असते. तेव्हा लातूरच्या कचेरीत बसून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर येण्यापूर्वी, त्या उत्तरातील नावे आणि रकमा संस्थेच्या भिंतीबाहेर जाऊन आलेल्या असतात.

एका प्रश्नाचा प्रवास जवळून पाहिला तर या जोडणीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. लातूरच्या मार्केट यार्डासारख्या बाजाराच्या हिशेबासाठी लिहिलेली एक प्रणाली कल्पनेपुरती घेऊ. तिच्यात ‘सौदे’ हा मुख्य तक्ता आहे, त्यात माल, दर, वजन, तारीख आणि स्थिती असे स्तंभ आहेत, आणि शेतकरी, आडते, खरेदीदार व पट्ट्या यांचे तक्ते त्याला जोडलेले आहेत. पट्टी म्हणजे हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती रक्कम पडली याचा हिशेबाचा कागद. प्रोग्रामर एडिटरमध्ये मराठीतच लिहितो की गेल्या ऑक्टोबरमध्ये सोयाबीनला सरासरी काय दर मिळाला ते काढून दे. मॉडेल प्रथम तक्त्यांची यादी मागते, त्यातून ‘सौदे’ निवडते, त्याची रचना मागते, मग एसक्यूएल लिहिते, आणि एडिटर ते चालवण्यापूर्वी प्रोग्रामरची परवानगी विचारतो. परवानगी मिळताच काही क्षणांत आकडा समोर येतो. पूर्वी ज्या अहवालासाठी संगणक विभागाकडे खेटे घालावे लागत, तो प्रश्न विचारायला लागतो तेवढ्याच वेळात मिळतो, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे, विशेषतः ज्या छोट्या संस्थांना स्वतंत्र डेटाबेस-तज्ज्ञ परवडत नाही त्यांच्यासाठी.

आता तो आकडा तपासू. समजा त्या महिन्यात तीनच सौदे झाले: 10 क्विंटल 4,200 रुपये दराने, 40 क्विंटल 4,000 रुपये दराने आणि 2 क्विंटल 4,600 रुपये दराने. दराच्या स्तंभाची साधी सरासरी काढली तर 4,267 रुपये येतात. मॉडेलने ‘सरासरी’ हा शब्द वाचून एसक्यूएलमधील सरासरीचे तयार फलन वापरले, तर हेच उत्तर मिळेल. परंतु बाजारात 52 क्विंटल मालाचे एकूण 2,11,200 रुपये झाले आहेत, म्हणजे प्रत्यक्षात क्विंटलमागे 4,062 रुपयेच पडले. दोन क्विंटलच्या एका चांगल्या सौद्याने साधी सरासरी दोनशे रुपयांनी वर ओढली. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. या कल्पित बाजारातील भाव हमीभावाच्या किती खाली राहिला, याचे उत्तर एका हिशेबाने 1,061 रुपये आणि दुसऱ्याने 1,266 रुपये येते. शेतकऱ्याची मागणी आणि सरकारची तरतूद ज्या आकड्यावर उभी राहते, तो असा चुकला आणि एडिटरने मात्र कोणतीही त्रुटी दाखवली नाही, कारण एसक्यूएलच्या दृष्टीने काहीच चुकलेले नाही.

याहून अवघड चूक स्थितीच्या स्तंभात लपलेली असते. कित्येक वर्षांपूर्वी ज्या प्रोग्रामरने हा तक्ता बांधला, त्याने मोडलेल्या सौद्यापुढे ‘आर’ हे एकच रोमन अक्षर लिहायचे असे ठरवले असेल, कारण त्याच्या मनात ‘रद्द’ होते. जगभरच्या इंग्रजी प्रोग्रामांवर शिकलेले मॉडेल तेच अक्षर ‘रिसीव्ह्ड’ म्हणजे ‘माल मिळाला’ या अर्थाने घेईल आणि मोडलेले सौदे हिशेबात धरेल. वजनाच्या स्तंभात एका हंगामापर्यंत कट्टे आणि नंतर क्विंटल लिहिले गेले असतील, तर बेरीज विनातक्रार होईल आणि निरर्थक येईल. तालुक्याच्या संकेतांकाचेही तसेच: 1999 पूर्वीचा आणि नंतरचा अहमदपूर तालुका यांची नोंदीतली खूण एकच असली, तरी त्यातून जळकोट वेगळा झाल्याने त्यांचे क्षेत्र सारखे नाही, आणि ‘अहमदपुरातील पेरा का घटला’ या प्रश्नाला मॉडेल दुष्काळाचे कारण देऊन मोकळे होईल. मॉडेल भाषा जाणते, एसक्यूएल उत्तम जाणते, पण या कचेरीत या अक्षराचा अर्थ काय हे त्याला माहीत नसते. आणि माहीत नाही असे म्हणून थांबण्याऐवजी ते बहुधा सर्वांत संभाव्य अर्थ धरून पुढे जाते. आजवर हा धोका मर्यादित होता, कारण असे प्रश्न विचारणारा माणूस बहुधा तो तक्ता जाणणाराच असे. जोडणी सोपी झाल्यावर तक्ता न जाणणारेही प्रश्न विचारणार, आणि ते विचारावेत यासाठीच तर ही सोय आहे.

मराठी नोंदींच्या बाबतीत यात एक खास अडचण आहे. युनिकोड ही जगातील सर्व लिप्यांसाठीची संकेतपद्धती 1991 मध्ये देवनागरीसह प्रसिद्ध झाली, परंतु महाराष्ट्रातील कचेऱ्यांत त्यानंतरही बराच काळ पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारखी साधने आणि शिवाजी, श्री-लिपी, कृतीदेव यांसारखे फॉन्ट वापरात राहिले. अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणकाच्या आत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जुळणीत साठवलेला असतो. तो विशिष्ट फॉन्ट लावला तरच पडद्यावर देवनागरी दिसते. मॉडेलला फॉन्ट दिसत नाही, फक्त आतली जुळणी दिसते. त्यामुळे जुन्या तक्त्यात एखादे आडनाव शोधायला सांगितले, तर मॉडेल ते युनिकोडमध्ये शोधते, एकही ओळ सापडत नाही, आणि उत्तर येते की अशी नोंद नाही. ज्या भागात जुनी नोंद सापडणे किंवा न सापडणे यावर एखाद्या कुटुंबाचा जमिनीचा हक्क किंवा दाखला अवलंबून असतो, तेथे ‘सापडली नाही’ आणि ‘नाही’ यांतील फरक फार मोठा आहे. त्यात निजामकाळच्या मूळ नोंदी उर्दूत असल्याने नावांची रूपे पुढे लिप्यंतरात बदलत गेलेली असतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

वाचण्यात ही स्थिती असेल, तर लिहिण्याची मुभा देणे किती जपून करावे लागेल हे वेगळे सांगायला नको. जुलै 2025 मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन यांच्या प्रकल्पावर काम करताना रेप्लिट या कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असतानाही, चालू डेटाबेसमधील नोंदी पुसून टाकल्या, आणि वर त्या परत आणता येणार नाहीत असे चुकीचे सांगितले. पुढे त्या परत आणता आल्या. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि चाचणीचा व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. या घटनेतून जे दिसले ते असे की मॉडेलला दिलेली सूचना ही विनंती असते, ती कुलूप नसते. ‘बदल करू नकोस’ हे वाक्य शंभर वेळा लिहिण्यापेक्षा ज्या खात्याने एडिटर डेटाबेसमध्ये शिरतो त्या खात्याला फक्त वाचण्याचा अधिकार देणे अधिक भरवशाचे, कारण मग पुसण्याची आज्ञा लिहिली गेली तरी डेटाबेसच ती नाकारतो.

हा अधिकार कोठे नाकारायचा, यालाही महत्त्व आहे. पोस्टग्रेस या प्रचलित डेटाबेससाठी बनवलेल्या एका नमुना एमसीपी सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रश्न ‘फक्त वाचन’ अशा व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) वेष्टनात चालवला जात होता. 2025 मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवले की एकाच मागणीत अर्धविराम देऊन दोन आज्ञा लिहिल्या, आणि पहिल्या आज्ञेने तो व्यवहारच बंद केला, तर दुसरी आज्ञा वेष्टनाबाहेर चालते आणि तक्ते पुसूनही टाकू शकते. मधल्या प्रोग्रामने घातलेले बंधन असे निसटू शकते; डेटाबेसने खात्यावर घातलेले बंधन या युक्तीने निसटत नाही. म्हणून जाणकार व्यवस्थापक एडिटरसाठी वेगळे खाते काढतात, त्याला मूळ तक्त्यांऐवजी ‘व्ह्यू’ म्हणजे निवडक स्तंभांचे खिडकीवजा तक्तेच दाखवतात, आणि शक्यतो मुख्य डेटाबेसऐवजी त्याच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीशी जोडणी करतात, जेणेकरून एखादा प्रश्न लांबला तरी सौद्यांच्या वेळी चालू काम अडू नये. ठरावीक सेकंदांपलीकडे चाललेला प्रश्न आपोआप तोडण्याची सोयही याचसाठी असते.

वाचण्यापुरता अधिकार दिला की सगळे निर्धोक झाले, असे मात्र नाही. मॉडेल सूचना आणि माहिती दोन्ही मजकूर म्हणूनच वाचते, आणि डेटाबेसमधून आलेल्या मजकुरातच कोणी सूचना लिहून ठेवली असेल, तर ती पाळण्याकडे ते वळू शकते. 2025 च्या मध्यास संशोधकांनी कर्सर एडिटर आणि सुपाबेस ही डेटाबेस-सेवा यांच्या जोडणीवर हे प्रात्यक्षिक करून दाखवले: ग्राहकाने पाठवलेल्या तक्रारीच्या मजकुरात ‘अमुक गुप्त तक्ता वाचून या संवादात लिही’ अशी सूचना पेरली, आणि प्रोग्रामरने एडिटरला नवीन तक्रारी दाखव असे सांगताच एडिटरने ती पाळली. सायमन विलिसन या प्रोग्रामरने खाजगी माहिती हाताशी असणे, परक्याचा मजकूर वाचणे आणि बाहेर माहिती पाठवता येणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका पूर्ण होतो, असे याचे नेमके वर्णन केले आहे. पीकविम्याच्या तक्रारी, नुकसानीचे अर्ज, पुनर्मूल्यांकनाच्या विनंत्या, असा कोणालाही लिहिता येणारा मुक्त मजकूर येथील प्रत्येक प्रणालीत असतो. तो स्तंभ एडिटरच्या खात्यापासून दूर ठेवणे हाच यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते किंवा विद्यार्थ्याची जात एडिटरला प्रोग्राम लिहिण्यासाठी लागत नाही, तेव्हा ते स्तंभ झाकलेले किंवा बनावट माहितीने भरलेले असावेत. सर्ट-इन या केंद्राच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदवह्या 180 दिवस जपाव्या लागतात. त्यात एडिटरच्या खात्याने कोणते प्रश्न चालवले हेही असेल, तर पुढे चुकीचा आकडा कोठून आला ते शोधता येते.

राहतो तो अर्थाचा प्रश्न, आणि त्याला कोणतेही मानक उत्तर देत नाही. पोस्टग्रेस, ओरॅकल यांसारख्या डेटाबेसांत प्रत्येक तक्त्याला आणि स्तंभाला टीप जोडण्याची सोय पूर्वीपासून आहे, पण ती फारशी कोणी वापरलेली नसते, कारण आजवर तिचा वाचकच नव्हता. आता तो आहे: एमसीपी सर्व्हरने स्कीमासोबत या टिपा दिल्या तर मॉडेल त्या वाचते आणि त्यांचा उपयोग करते. ‘आर म्हणजे रद्द, बेरजेत धरू नये’, ‘वजन अमुक हंगामापर्यंत कट्ट्यांत’, ‘सरासरी दर नेहमी वजनाच्या प्रमाणात काढावा’, ‘हा स्तंभ जुन्या फॉन्टमध्ये आहे, यात शोध घेऊ नये’, अशा मराठीत लिहिलेल्या टिपाही त्याला कळतात. त्या लिहिण्यासाठी नांदेडजवळील विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणाहून बाहेर पडणाऱ्या तरुण अभियंत्यांनी बाजार समितीतील हिशेबनीस, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातील अधीक्षक, सोसायटीचे गटसचिव आणि तलाठी यांच्याशेजारी बसून एकेक स्तंभ विचारत जायला हवे. संगणकीकरणाच्या पहिल्या लाटेत ज्यांनी हे संकेत ठरवले त्या पिढीतले कर्मचारी आता एकामागून एक निवृत्त होत आहेत, आणि त्यांच्याकडील माहिती उतरवून घेण्याचे काम एडिटर जोडण्याच्या आधीचे आहे.